रिंगा बसेपर्यंत

गड्डा नुकताच उठलेला. होम मैदानावर
पाळण्यांच्या खांबांचे खड्डे अजून उघडे होते,
तेव्हा विजापूर वेशीतल्या जैनूभाईंनी
बाबांच्या गाडीचं इंजिन उतरवलं.
बोअर मारून आणलं.
नवं पिस्टन, नव्या रिंगा.
टाकीवर पोचा तोच, एकोणीस वर्षांपूर्वीचा.

जोडण्याआधी सिलिंडर उजेडाकडे धरून दाखवलं:
आत तिरक्या रेघा, केसाहून बारीक,
एकमेकींना छेदत गेलेल्या.
बाबा तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर,
कान तिथेच ठेवून आलेले.
त्यांनी बोट आत फिरवलं, मान डोलावली,
कुणीतरी बरं विणलंय म्हणून.

मी पिशवीतून डबा काढला.
फुल सिंथेटिक, सोनेरी झाकणाचा,
पगारातले अकराशे मोजून आणलेला.
जैनूभाईंनी तो फळीवर ठेवून दिला, प्लगच्या खोक्याशेजारी.
"ह्ये आत्ता नको, सिस्टर. आत्ता साधं मिनरल.
लई गुळगुळीत घातलं तर रिंगा बसायच्याच नाहीत,
भिंत काचेवानी होतीय, मग जन्मभर निळा धूर.
घासू द्या की जरा."

मग नियम.
पंचेचाळीसच्या वर नाही.
पण एकाच वेगाला धरूनही ठेवायची नाही, वर-खाली, वर-खाली.
चढाला टॉपमध्ये रेटायची नाही.
हजारापर्यंत मागं कुणाला बसवायचं नाही.
हे शेवटचं बाबांना ओठांवरून कळलं.
ते शेअर रिक्षा बघायला लागले.

सावळेश्वरचं उपकेंद्र, जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर.
मागच्या सीटवर लशींचा निळा डबा
(त्याला परवानगी होती).
उसाचे ट्रॅक्टर सोडले तर मी कुणालाच मागं टाकलं नाही.
केगावजवळ कॉलेजची पोरं ओरडली, "मॅडम, ढकलू का?"
पाकणीच्या पुढं एका बांधावर
तीच म्हातारी तीच गाय रोज त्याच झाडाला बांधताना दिसायची.
आधी ती तिथं नव्हती, की मी?

पाचशेला ऑइल काढलं.
काळं नव्हतं. करडं, आणि उन्हात धरलं तर
आत चांदीची पूड तरंगत होती.
मी घाबरले. कुणाची झीज ही?
"दोघांची," जैनूभाई म्हणाले, फडक्याला हात पुसत.
"एकट्याची कधीच नस्तीय."

रात्री घरी आले की बाबा म्हणायचे, बंद करू नको.
तळहात इंजिनाच्या बाजूला धरायचे,
तापत्या धातूपासून बोटभर लांब,
कधी हँडलवर, कधी सीटवर.
ऐकायचे.
एकदा म्हणाले, "टॅपेट." दुसऱ्या दिवशी खरंच टॅपेट निघाला.

हजार झाले. मी मागची सीट पुसली.
"मेल्लगा," बाबा म्हणाले, "तीन होऊ दे."
मशीनच्या बाबतीत त्यांना घाई कधीच नव्हती,
माझ्या लग्नाच्या बाबतीत होती, ती वेगळी गोष्ट.

एप्रिल. सोलापूर बेचाळीस.
फळीवरच्या डब्यावर बोटभर धूळ,
लेबलवरची गाडी उडून पिवळी झालेली.
जुनं ऑइल काढलं. त्यात काहीच चमकत नव्हतं.
जैनूभाईंनी सोनेरी झाकण फिरवलं,
मधाची धार आत गेली, आवाजाशिवाय.
मजुरी विचारली तर म्हणाले,
"डबा सांभाळायचं भाडं तेवढं द्या." चहा पाजला.

संध्याकाळी बाबा मागं बसले. डोक्याला रुमाल,
पाय फूटरेस्टवर घट्ट.
तुळजापूर रोड, हिप्परग्याचा तलाव अर्धा आटलेला,
पुढं रस्ता सरळ.
काटा पंचेचाळीसवर. हाताला सवय झालेली.
एक टेम्पो गेला, दोन बुलेट गेल्या,
लिंबं भरलेली एक रिक्षासुद्धा गेली.

माझ्या खांद्यावर बाबांनी दोनदा थोपटलं.
"इंक पोनी," ते मोठ्यानं म्हणाले,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्यानं,
रस्त्यावरच्या सगळ्यांना कळेल असं:
आता जाऊ दे.